कानडीत सांग

अण्णा, गावाच्या फाट्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या अजितच्या लग्नातला, गॉगल घातलेला. तो गॉगल तुझा नव्हताच, फोटोग्राफरनं हौसेनं चढवला होता. आता त्याच गॉगलमधून तू निपाणीला जाणाऱ्या बसगाड्यांकडं बघत उभा आहेस. खाली लिहिलंय, 'शहाणपणाचा महामेरू कोसळला'. मराठी वर घ्यायची की कानडी वर, यावरून गावातल्या पोरांचं फ्लेक्सच्या दुकानात चांगलंच वाजलं म्हणे. शेवटी तडजोड म्हणून दोन्ही मजकूर शेजारीशेजारी छापले, आणि तुझा फोटो मधे चेपला गेला.

महामेरू! मी बसमधून उतरले, वर बघितलं, आणि डोळ्यांत पाणी आलेलं असताना मला हसू फुटलं. बरोबरच्या बाईला वाटलं, हिला दुःखानं काहीतरी झालं. तिनं मला धरून घरापर्यंत आणून सोडलं.

तेव्हापासून ऐकतेय. जो येतो तो सोप्यात बसतो, पंच्यानं तोंड पुसतो आणि म्हणतो, "लई शाना मानूस गेला बगा, आक्का." मी मान हलवते. काय करणार? सुतकात वाद घालता येत नाही. नाहीतर तुला ठाऊक आहे, हा मुद्दा मी तुला कधीच सोडलेला नाही. आपल्या घरात शहाणा हा शब्द सरळपणे कुणी वापरलाच नाही. तू पाण्याची घागर पालथी केलीस की आई म्हणायची, "आला माझा शाना!" मी परीक्षेत पहिली आले तेव्हा बाबा म्हणाले, "आता हिच्याफुडं कुनी बोलायची सोय न्हाय, लई शानी झाली." आणि मी तुला जन्मभर म्हणत आले, "लई शाना हाईस!" त्यात एकदाही मी तो कौतुकानं म्हटलेला नाही. जीभ सरळ वळायचीच नाही त्या शब्दापाशी.

बेळगावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवली. हुशार, चतुर, धोरणी, धूर्त, समंजस, विवेकी, शहाणा. हे सगळे शब्द फळ्यावर लिहायचे आणि मुलांना सांगायचे, यातले कुठलेही दोन सारखे नाहीत, नीट बघा. सांगताना दरवेळी मनात यायचं, आपला अण्णा यातल्या कुठल्या खणात बसतो? मी तुला केव्हाच बेरकीच्या खणात टाकलं होतं. फळ्यावर लिहीत नव्हते एवढंच.

कारण तुझी युक्ती मला माहीत होती ना! गाव तुझ्या कट्ट्यावर भांडणं घेऊन यायचं. बांधाची, नळाची, सुनेची, सोयरिकीची. तू तंबाखूच्या शेतातून आलेला, हातपाय धुऊन कट्ट्यावर बसलेला. मंडळी जमायची. पहिला माणूस घसा खाकरून तोंड उघडायचा आणि तू म्हणायचास, "कानडीत सांग."

माणूस मराठीवाला असेल तर कानडीत. कानडीवाला असेल तर, "मास्तर, मराठीत सांगा." बास. एवढीच तुझी विद्या. गावात दोन्ही भाषा सगळ्यांना येतात, पण एक घरची असते आणि दुसरी बाजारापुरती. तू प्रत्येकाला त्याच्या बाजाराच्या भाषेत भांडायला लावायचास.

रायगोंडाचा शेवगा आठवतो? मी तेव्हा सुट्टीला आले होते आणि दाराआड उभी राहून ऐकत होते. शेजाऱ्याच्या शेवग्याची फांदी त्याच्या पत्र्यावर आलेली. रायगोंडा नुसता पेटलेला. आल्या आल्या त्यानं शेजाऱ्याच्या सात पिढ्यांना हात घातला, आणि तिसऱ्या पिढीवर असताना तू म्हणालास, "कानडीत सांग."

"आं?"

"कानडीत सांग की रं. येतंय न्हवं तुला?"

"येतंय की! न येयाला काय झालं?" आणि मग तो तसाच उभा राहिला. कपाळावर आठ्या घालून शब्द शोधायला लागला. सात पिढ्यांना कानडीत काय म्हणतात ते त्याला आठवेना. त्याच्याकडची कानडी म्हणजे कांदे, बियाणं आणि बसचं तिकीट. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "नुग्गी गिडा... नम्म मनी कडे... बंदैति."

म्हणजे, शेवग्याचं झाड आमच्या घराकडं आलंय. एवढंच. वडलांच्या वेळचा अपमान, जत्रेतली खुन्नस, बायकोला कुणी काय म्हणालं, सगळं मराठीत मागं राहून गेलं. कट्ट्यावर एक झाड उरलं, कुणाच्या तरी घराकडं आलेलं. तू म्हणालास, "मग येऊ दे की. शेंगा कुनाच्या बाजूला पडत्यात?" शेजारी हसला. रायगोंडाही हसला, जरा उशिरानं. त्या शेंगांची आमटी आपण सगळ्यांनी खाल्ली.

आणि ती वखारीतली आक्का! निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत बायकांवर देखरेख करणारी, ती तुझ्या युक्तीला पुरून उरली. "कानडीत सांगा" म्हणालास तर तिनं कानडीत धुतलं. "मराठीत सांगा" म्हणालास तर मराठीत वाळत घातलं. तू घाईघाईनं हिंदी काढलीस, तर तिनं हिंदीत अशी सुरुवात केली की समोरचा पक्ष कट्ट्यावरून उठून रस्त्यात गेला. शेवटी तू हात जोडलेस, "आक्का, तुमचा न्याय करायची माजी लायकी न्हाय. च्या घ्या." ती खूश झाली आणि दोन कप पिऊन गेली.

त्या दिवशी मी तुला धरलं होतं. म्हटलं, "बघितलंस? ही युक्ती आहे. युक्ती म्हणजे शहाणपण नव्हे. खरं काय, खोटं काय हे ओळखणं म्हणजे शहाणपण. तू कधी निकाल दिलास का? शेवगा कुणाचा ते सांगितलंस?"

"शेवगा शेवग्याचा," तू म्हणालास.

"हा विनोद झाला. विवेक म्हणजे दूध आणि पाणी वेगळं करता येणं."

"त्येला डेअरीत मशीन हाय, पद्मे."

"तू माणसांना मुसकी बांधतोस. मळणीच्या बैलाला बांधतात तशी."

"मग? बैल पीक खात न्हाय त्यानं."

"तू फक्त माणसं दमवतोस, अण्णा!"

"दमलेला मानूस लई बरा असतो," तू शांतपणे म्हणालास. मग माझ्याकडं बघून तेच ते वाक्य, "तुजं बी कायतरी हाय वाटतं मनात. कानडीत सांग."

अण्णा, यावरून मला जो संताप यायचा! मी काय तुझी पक्षकार होते? माझी कानडी भाजी घेण्यापुरती आणि लाईटबिलाच्या खिडकीपुरती. ती काढून मी माझ्या सख्ख्या भावाशी वाद घालू? माझ्याजवळ केवढी मराठी होती! मी तुला मराठीतच गाठायचे, दृष्टान्त देऊन, वर्गात बोलावं तसं. तू ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "जिंकलीस. आता जेव. दिस मावळतोय." आपल्याकडं जैनांत दिवस मावळायच्या आत जेवायचं, त्यामुळं आपला एकही वाद पुरा झाला नाही. प्रत्येक वेळी मी जिंकलेली असायचे आणि ताटावर बसल्यावर मला काहीतरी हरल्यासारखं वाटायचं. ते का, हे विचारायचं राहिलं.

आता काय झालं ते सांगते. तुझ्या मागं लगेचच झालं, आणि तुझ्याच सोप्यात.

तुझी दोन्ही पोरं भांडली. सोपा माणसांनी भरलेला, वहिनी आतल्या उंबऱ्याला टेकून शेंगा निवडत बसलेली, आणि विषय तीच. भरत म्हणाला, आईला मी बेळगावला घेऊन जातो, घर बंद करू. अजित म्हणाला, तुझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट निम्मा वेळ बंद, आई पुण्याला येईल. भरत म्हणाला, पुण्याला तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, आई काय भिंतींशी बोलणार? अजित म्हणाला, तुला एवढा कळवळा होता तर अण्णा आजारी असताना किती वेळा आलास? झालं. तिथून सगळं सुटलं. लहानपणची सायकल निघाली, कुणाच्या शिक्षणाला काय झालं ते निघालं, एकमेकांच्या बायका निघाल्या. आणि अण्णा, वहिनीला कुणी विचारलंच नाही. ती आपली शेंगा निवडतेय. या घरात तिला राहू देणार की उचलून नेणार हे ठरत होतं, आणि तिच्या डोक्यावरून दोन पोरांची मराठी नुसती धावत होती.

मंडळी माझ्याकडं बघायला लागली. "आक्का, तुमी शिकल्यासवरल्या. तुमी बोला."

मी उठले. बोलले. तू असतास तर डोळे मिटून घेतले असतेस. कर्तव्य, विवेक, तारतम्य, संयम, सगळं सांगितलं. वाक्य एकही चुकलं नाही. आणि परिणाम काय? भरत म्हणाला, "बघ, आत्ती म्हणतेय कर्तव्य थोरल्याचं." अजित म्हणाला, "आत्ती म्हणतेय तारतम्य बाळग, ते तुला म्हणतेय." दोघांनी माझ्या भाषणाचे तुकडे उचलून एकमेकांना मारले. भांडण मघापेक्षा जोरात सुरू झालं. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. सगळे शब्द माझ्याकडं होते आणि एकाचाही उपयोग होईना.

मग मी ते म्हटलं. ठरवून नाही, तोंडातून गेलं. "कानडीत सांगा."

 रायगोंडा कोपऱ्यात बसला होता, तो ताठ झाला.

अजित म्हणाला, "हे बरोबर नाही, आत्ती. भरतचं रोजचं ऑफिस कानडीत चालतं. मला आता कुठं येतंय!" खरंच होतं ते. क्षणभर मला वाटलं, फसली तुझी युक्ती, आणि तुला सांगते, वाईट वाटण्याच्या ऐवजी आधी जरा बरंच वाटलं. भरत तयारीतच होता. त्यानं घसा साफ केला आणि सुरू केलं, "सदरी विषयक्के संबंधिसिदंते..."

सदर विषयास अनुसरून! बिचारा. त्याची कानडी सगळी कचेरीतली. फायलीवर लिहायची. आई एकटी पडली हे सांगायला त्याच्याकडं नोटिशीचीच भाषा. तो तिथंच अडला. पुढं सरकेना. उंबऱ्यापाशी काहीतरी खुदकन आवाज झाला, बघते तर वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. तू गेल्यापासून पहिल्यांदा. "नोटीस काडतंय माज्यावर," ती म्हणाली, "त्याच्या आईवर!" मग सगळेच हसले, भरतसुद्धा.

हसणं ओसरल्यावर सगळे अजितकडं बघायला लागले. त्याला पळायला जागा नव्हती. तो लहानपणी आजोळी, गोकाककडं जाऊन जी चार वाक्यं शिकला होता ती आठवत बसला. ओठ हलत होते. मग म्हणाला, "अव्वा... ओब्बाकी." थांबला. "ननग... अंजिकी."

आई एकटी. मला भीती.

अण्णा, एवढंच होतं रे त्या सगळ्याच्या तळाशी. पुणं नाही, फ्लॅट नाही, सायकल नाही. एवढा बाप्या माणूस घाबरला होता, आणि ते मराठीत म्हणायची त्याला लाज वाटत होती. भरत खाली बघत होता. हळूच म्हणाला, "ननगू."

मलाही.

वहिनीनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, आणि बोलली ती मराठीत, "मला न्हाय भ्या वाटत. मी हितंच ऱ्हानार. तुमास्नी भ्या वाटलं तर तुमी येत जावा. आनि सोबत पायजे म्हनत असाल तर ह्या पद्माक्का हाईत की. त्यास्नी तरी टिळकवाडीत कोन हाय भांडायला?"

माझं मत कुणी विचारलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. पण दोन्ही पोरं माझ्याकडं अशी बघत होती की मी फक्त म्हटलं, "जेवा आता. दिवस मावळतोय." आणि ऐकलं स्वतःचं ते वाक्य. लई राग आला तुझा.

ताटं वाढताना मी वहिनीला विचारलं, "मघा ते सगळे कानडीत धडपडत होते. कानडी तर तुमची. मग तुम्ही मराठीत का बोललात?"

ती पळी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. "तुमास्नी ठावं न्हाय? भांडायचं तर मी मराठीत आनि त्येनी कानडीत. पयल्यापासनं."

मग तिनं सांगितलं. ती गोकाककडची, लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा गंध नव्हता. पहिल्याच वर्षी एकदा तू कशावरनं तरी भडकलास, वाट्टेल ते बोललास आणि जेवणाचं ताट भिरकावलंस. वहिनी म्हणाली, "काय बोललं ते मला एक बी कळलं न्हाय, पद्माक्का. पर ताट कळलं." ती उपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी तू तिच्यासमोर येऊन बसलास आणि कानडीत माफी मागायला लागलास. तुला येत नव्हती. तू कपाळावरचा घाम पुसत एकेक शब्द जोडत होतास, चुकत होतास, परत मागं जात होतास, आणि शेवटी तिलाच हसू आलं. "म्हनलं, राहू दे आता, जेवा. तवापासनं त्येनी माज्यावर मराठीत कदी रागावलं न्हाईत. राग आला की कानडी काडायचे. शब्दच घावायचे न्हाईत, मग काय, गप बसायचे. मग मी बी ठरवलं, आपन बी मराठीतच भांडायचं."

मी पोळ्यांचा डबा हातात घेऊन तशीच उभी. तुझा राग मला माहीत होता की. लहानपणी तू माझी पाटी जात्यावर आपटून फोडली होतीस. पुढं तुझा राग कधी दिसला नाही तेव्हा मला वाटलं, वयानं निवला. जिला मी जन्मभर लोकांची मुसकी म्हणत आले ती तू आधी स्वतःला बांधली होतीस, आणि इतकी वर्षं ती बांधून कट्ट्यावर बसत होतास. मला एकदा तरी सांगायचंस! मी वाद घालायला येत होते, तेव्हा ताटाची गोष्ट सांगितली असतीस तर माझा मुद्दा तिथंच मोडला असता. पण तू वहिनीचं ताट मला जिंकायला वापरलं नाहीस. या गुणाला काय म्हणतात, मला माहीत नाही. माझ्या फळ्यावर तो शब्द नव्हता.

तर मी आता इथंच आहे. बेळगावला टिळकवाडीतल्या माझ्या घराला कुलूप लावलंय. वहिनी आणि मी रोज भांडतो, मिठावरून, टीव्हीच्या आवाजावरून, कोथिंबिरीला किती पाणी घालायचं त्यावरून. ती मराठीत, मी कानडीत. तिची मराठी मजबूत झालीय, त्यामुळं सध्या मीच हरते. काल मी तिला रागानं काहीतरी म्हणायला गेले आणि म्हणून बसले की तुमची म्हैस फार सुंदर आहे. म्हैस विकून वर्षं झाली. दोघी जेवायच्या आधी पोट दुखेपर्यंत हसलो.

संध्याकाळची मी तुझ्या कट्ट्यावर बसते. परवा रायगोंडा येऊन गेला. शेवगा परत आलाय म्हणे त्याच्या घराकडं. मी त्याला म्हटलं, कानडीत सांग. तो म्हणाला, "आक्का, तेवडं एक वाक्य मला आता पाठ झालंय. दुसरी भाषा बगा कुठलीतरी." म्हणजे बघ, तुझं दुकान मला नुसतं चालवता येणार नाही, माल नवा भरावा लागणार.

तो गेला, आणि मला तुझ्याशी बोलायचं होतं. एक गोष्ट सांगायची राहिली होती ना. मी मराठीत म्हणून बघितली, आधी मनात, मग हळू आवाजात. नाही जमलं. 'अण्णा, तू शहाणा' एवढं म्हटलं की पुढं आपोआप आईचा तो सूर लागायचा, घागरीवेळचा. आपल्या घरचा शब्द तो, सरळ निघतच नाही.

मग कानडीत बघितलं. शहाण्याला कानडीत काय म्हणतात ते वहिनीला विचारलं. ती आतून ओरडली, "शाण्या!" तुमचाच की तो, म्हणाली. पण कानडीत मला टोमणा मारता येत नाही, अण्णा, तेवढी कानडी अजून आलेली नाही. फारला 'भाळ', होतासला 'इद्दी', असं वाक्य जुळवायला वेळ लागला. कपाळाला घाम आला. फाट्याच्या बाजूला तोंड केलं, जिथं तू गॉगल घालून उभा आहेस, आणि म्हटलं,

"अण्णा, नी भाळ शाण्या इद्दी."